हृदय जेवतं तरी काय?

आपल्या शरीरात एक स्नायू असा आहे, की तो आपल्या जन्माच्या कितीतरी महिने आधीच कामाला लागतो. आईच्या पोटात बाळाची वाढ सुरू होऊन जेमतेम तीन-साडेतीन आठवडे झालेले असतात. बाळ अवघं दोन-तीन मिलिमीटरचं असतं आणि तेवढ्यातच हा गडी धडधडू लागतो. एकदा सुरू झाला की मग रविवार नाही, दिवाळीची सुट्टी नाही, दुपारची डुलकीही नाही.

ओळखलंत ना? हृदय!

मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ७० ठोके देतं. आता वही-पेन्सिल घ्या आणि गुणाकार करा. ७० गुणिले ६० गुणिले २४. उत्तर आलं १,००,८००. म्हणजे एका दिवसात एक लाखावर ठोके! दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त पुढे ढकललं जातं. दिवसाचा हिशेब होतो ७,००० लिटर. आणि हे सगळं करणाऱ्या हृदयाचं वजन किती? जवळपास ३०० ग्रॅम.

एवढं राबणाऱ्याला भूक तर लागणारच. मग ते जेवतं काय? जेवतं कधी? आणि छातीच्या पिंजऱ्यात लपलेल्या हृदयाचं ताट माणसानं पाहिलं तरी कसं? चला, शोधू या.

रक्तानं भरलेलं, तरी भुकेलं

तुम्ही म्हणाल, त्यात काय कठीण आहे? हृदयात तर सतत रक्त असतं, त्यातूनच ते हवं ते घेत असेल.

नाही हो! हृदयाच्या चार कप्प्यांत भरलेलं रक्त तिथून फक्त पुढे जातं. हृदयाची भिंत चांगली जाड असते आणि कप्प्यातलं रक्त त्या भिंतीच्या आतपर्यंत झिरपू शकत नाही. म्हणून हृदयाला स्वतःसाठी वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात. हृदयातून शुद्ध रक्त घेऊन निघते ती महाधमनी. तिला सगळ्यात पहिल्या ज्या दोन फांद्या फुटतात, त्या मागे वळून हृदयाकडेच येतात आणि त्याच्या अंगभर पसरतात. सगळ्या शरीराला वाढणाऱ्या हृदयाचं स्वतःचं पान असं पहिल्याच पंगतीत मांडलेलं असतं.

याहून मोठी गंमत पुढे आहे. हृदय आवळतं तेव्हा त्याच्या स्नायूतल्या बारीक रक्तवाहिन्याही दाबल्या जातात. त्यामुळे सगळ्यात जास्त काम करणाऱ्या डाव्या भागाला बहुतेक रक्त मिळतं ते हृदय सैल पडल्यावर. म्हणजे हृदय जेवतं कधी, तर दोन ठोक्यांच्या मधल्या वेळात! दिवसातून एक लाख वेळा, चिमूट चिमूट.

कागदाच्या नळीतून ऐकू आलं

हृदय काय जेवतं हे कळण्याआधी ते कसं चालतं, हे समजायला हवं होतं. त्याची सुरुवात झाली रुग्णाच्या खाटेपाशी.

साल १८१६. पॅरिसच्या नेकर रुग्णालयात रेने लेनेक नावाचे डॉक्टर एका तरुणीला तपासत होते. तिला हृदयाचा त्रास होता. त्या काळी डॉक्टर रुग्णाच्या छातीला थेट कान लावून ऐकायचे, पण इथे तसं करणं लेनेक यांना बरं वाटेना. त्यांना एक गोष्ट माहीत होती. लांब लाकडाच्या एका टोकाला टाचणीनं खरवडलं, तर दुसऱ्या टोकाला कान लावणाऱ्याला ते स्पष्ट ऐकू येतं. त्यांनी कागदांची गच्च सुरळी केली, एक टोक तरुणीच्या छातीवर ठेवलं आणि दुसरं आपल्या कानाला लावलं. ठोके ऐकू आले, तेही नुसत्या कानापेक्षा जास्त स्पष्ट! पुढे त्यांनी लाकडाची नळी बनवली. तोच पहिला स्टेथोस्कोप.

त्यातून ऐकू येतं ‘लब-डब, लब-डब’. हा आवाज असतो हृदयातल्या झडपा बंद होण्याचा. वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधल्या झडपा मिटल्या की ‘लब’. रक्त बाहेर गेल्यावर धमन्यांच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटल्या की ‘डब’. झडप नीट मिटत नसेल, तर रक्त मागे गळतं आणि फुसफुस असा जादा आवाज येतो. आजही डॉक्टर तो कान देऊन ऐकतात.

*करून पाहा:* जुन्या मासिकाची सुरळी करा. मैत्रिणीच्या किंवा भावाच्या छातीच्या मध्यापासून किंचित डावीकडे तिचं एक टोक ठेवा आणि दुसऱ्याला कान लावा. ठोके मोजा. मग तिला किंवा त्याला पन्नास दोरीउड्या मारायला सांगा आणि पुन्हा मोजा.

मिठाच्या पाण्यात हात, प्रतिध्वनीतून चित्र

आवाज कळला. पण हृदयाला ‘आता आवळ’ असं सांगतं कोण? वीज! हृदयातल्याच काही खास पेशी दर ठोक्याआधी विजेची एक छोटी लहर सोडतात. ती हृदयभर पसरते आणि स्नायू आवळतो. यातली अगदी थोडी वीज त्वचेपर्यंत पोचते.

नेदरलँड्समधल्या लेडन शहरात विलेम आइंटहोव्हन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती टिपणारं यंत्र बनवलं. ते सुमारे २७० किलो वजनाचं होतं आणि चालवायला पाच माणसं लागायची. रुग्णानं दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचं! एवढं धूड रुग्णालयात नेणार कसं? म्हणून १९०५ मध्ये त्यांनी दीड किलोमीटर लांबच्या रुग्णालयातून टेलिफोनच्या तारेवरून हृदयाची वीज आपल्या प्रयोगशाळेत आणली. आज आपण ज्याला ईसीजी म्हणतो, तो हाच आलेख. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

आणि हृदय हलताना दिसलं कधी? १९५३ साली, स्वीडनमधल्या लुंड शहरात. इंगे एडलर हे हृदयाचे डॉक्टर आणि हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धातूच्या आत तडा गेलाय का हे पाहायला जहाजांच्या कारखान्यात एक यंत्र वापरत. आपल्या कानांना ऐकू न येणारा ध्वनी धातूत सोडायचा आणि परत येणारा प्रतिध्वनी टिपायचा. या दोघांनी तसलंच यंत्र मिळवून हृदयावर वापरलं आणि हृदयाच्या भिंतीची हालचाल पडद्यावर उमटली! यातूनच पुढे इकोकार्डिओग्राफी आली. लोक तिला थोडक्यात ‘इको’ म्हणतात.

इकोमध्ये डॉक्टर दोन गोष्टी बघतात. हृदय नीट आवळतंय का? निरोगी हृदयाचा डावा खालचा कप्पा भरलेल्या रक्तापैकी निम्म्याहून थोडं जास्तच रक्त दर ठोक्याला बाहेर ढकलतो. आणि दुसरं, ते नीट सैल पडतंय का? ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा बरं. पुढे ती आपल्याला लागणार आहे.

ताट पाहणारा माणूस

आता मुख्य प्रश्नाकडे. हृदय जेवतं काय, हे ना कानाला कळतं, ना ईसीजीला.

१९२९ मध्ये जर्मनीत एबर्सवाल्डे इथे वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर होता. हातातल्या शिरेतून बारीक नळी सरकवत नेली, तर ती हृदयापर्यंत पोचेल, अशी त्याची कल्पना. वरिष्ठांनी मनाई केली. त्यानं प्रयोग स्वतःवरच केला! ६५ सेंटिमीटर नळी हाताच्या शिरेतून आत सारली, तशीच घेऊन क्ष-किरण विभागापर्यंत चालत गेला आणि नळीचं टोक हृदयात असल्याचा फोटो काढून घेतला. हे फार धोक्याचं होतं. असा प्रयोग आज कुणीही, अगदी कुणीही करायचा नसतो. पण नळी हृदयात नेता येते, हे जगाला कळलं. पुढे आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी ही पद्धत नीट विकसित केली आणि १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

या नळीनं जेवणाचं कोडं सोडवलं ते रिचर्ड बिंग यांनी. जर्मनीत जन्मलेला हा डॉक्टर नाझींच्या छळामुळे देश सोडून अमेरिकेत आला. तो संगीतकारही होता आणि १०१ वर्षं जगला. बिंग यांनी साधा पण अफलातून विचार केला. हृदयाच्या स्नायूकडे जाणाऱ्या रक्तात काय काय आहे ते मोजू. मग स्नायूला भेटून परत निघालेलं रक्त जिथे गोळा होतं, त्या शिरेत नळी नेऊन तिथलं रक्त मोजू. येताना जे होतं आणि जाताना जे उरलं, त्यांची वजाबाकी म्हणजे हृदयाचं जेवण!

वजाबाकीचं उत्तर सगळ्यांना चकित करणारं होतं. शरीराचं इंधन म्हणजे ग्लुकोज, ही साखर, असं आपण शिकतो. पण हृदयाचं मुख्य अन्न निघालं मेद. तेल-तुपापासून बनणारी मेदाम्लं रक्तातून वाहत असतात, त्यांतून हृदय आपली निम्म्याहून जास्त ऊर्जा मिळवतं. बाकी ग्लुकोज. उपाशीपोटी यकृत जे कीटोन नावाचे पदार्थ बनवतं, तेही हृदय आवडीनं घेतं. आणि खो-खोत जीव तोडून धावल्यावर पायांच्या स्नायूंतून लॅक्टेट नावाचा पदार्थ रक्तात येतो ना? तोही हृदय खातं! तुमचे पाय धावत असतात आणि त्यांनी टाकून दिलेल्यावर हृदय जेवत असतं. हृदयाला नावडतं असं फारसं काही नाहीच.

सहा किलोंचा हिशेब

हे अन्न जळतं हृदयाच्या पेशींमधल्या तंतुकणिका नावाच्या चिमुकल्या भट्ट्यांमध्ये. या पेशीची जवळजवळ एक तृतीयांश जागा तंतुकणिकांनीच व्यापलेली असते. त्यांत अन्न जळून एटीपी नावाचा पदार्थ तयार होतो. स्नायूला काम करायला तोच लागतो. गंमत अशी, की हृदयातला एटीपीचा साठा जेमतेम काही सेकंद पुरेल एवढाच असतो. तो सारखा वापरायचा आणि सारखा नव्यानं बनवायचा. अशा रीतीनं ३०० ग्रॅमचं हृदय दिवसभरात सुमारे सहा किलो एटीपी बनवतं आणि संपवतं!

आणि ऐका, एटीपी फक्त आवळायला लागत नाही. सैल पडायलाही लागतो. आवळताना स्नायूच्या पेशीत कॅल्शियम येतं. ते पुन्हा त्याच्या जागी ओढून नेल्याशिवाय स्नायू सैल होत नाही, आणि ओढून नेण्याला ऊर्जा लागते. म्हणजे हृदयाची विश्रांतीसुद्धा कष्टाची असते.

दोन इंधनांची रिक्षा

रिक्षा सीएनजीवर चालते आणि वेळ पडली तर पेट्रोलवरही, हे तुम्ही पाहिलं असेल. हृदयही असं इंधन बदलतं. रात्रभर पोट रिकामं असलं की मेदाम्लं जास्त. पोळी-भाजी, वरण-भात जेवलात, रक्तात साखर वाढली, की ग्लुकोज जास्त. प्रत्येक इंधनाचा एक गुण असतो. मेदातून ऊर्जा भरपूर मिळते, पण तेवढ्याच एटीपीसाठी प्राणवायू थोडा जास्त खर्च होतो. ग्लुकोजला प्राणवायू कमी पुरतो. म्हणून अदलाबदल करता येणं फार मोलाचं.

ही अदलाबदल कशी होते, हे १९६३ मध्ये केंब्रिजमध्ये फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. उंदरांच्या हृदयांवर प्रयोग करताना त्यांना दिसलं, की मेदाम्लं जोरात जळू लागली की ग्लुकोजचं जळणं मंदावतं. ग्लुकोजचे तुकडे जिथून तंतुकणिकेच्या भट्टीत शिरतात, तिथे एक दार आहे. मेद जळताना जे पदार्थ तयार होतात, तेच ते दार ओढून घेतात. जेवल्यावर स्वादुपिंडातून इन्शुलिन येतं. ते मेदाम्लांचा ओघ कमी करतं आणि ग्लुकोजला आत यायला मदत करतं. दार पुन्हा उघडतं.

भरल्या ताटावरचा उपास

आता विचार करा, इन्शुलिनच नसेल तर? किंवा असूनही शरीर त्याचं ऐकत नसेल तर? यालाच मधुमेह म्हणतात.

मधुमेह आपल्या देशात फार जुन्या काळापासून माहीत आहे. काही रुग्णांच्या लघवीला मुंग्या लागतात, म्हणजे त्यात गोडवा आहे, हे प्राचीन वैद्यांनी हेरलं होतं. पण उपाय सापडायला विसावं शतक उजाडलं. कॅनडातल्या टोरांटो शहरात फ्रेडरिक बँटिंग, चार्ल्स बेस्ट, जॉन मॅक्लाउड आणि जेम्स कॉलिप यांनी प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन मिळवलं. जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला ते टोचलं. तो हाडांचा सापळा झाला होता. पहिल्या इंजेक्शनचा फारसा उपयोग झाला नाही. कॉलिप यांनी ते आणखी शुद्ध केलं, आणि दुसऱ्या वेळी त्याच्या रक्तातली साखर उतरली! आज तुमच्या वर्गात एखाद्या मुलाला इन्शुलिन घ्यावं लागत असेल, तर ते नीट घेऊन तो तुमच्यासारखाच धावतो, खेळतो. मधुमेह होणं यात त्याची काहीच चूक नसते.

पण मधुमेह आणि हृदयाचं नातं हळूहळू उलगडलं. १९७२ मध्ये अमेरिकेत शर्ली रूब्लर आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांबद्दल लिहिलं. त्यांना मधुमेह होता आणि त्यांचं हृदय थकलं होतं, पण हृदयाच्या रक्तवाहिन्या काही तुंबलेल्या नव्हत्या. रस्ता मोकळा, तरी हृदय दुबळं! अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून हजारो माणसांच्या प्रकृतीची नोंद ठेवली जात होती. १९७४ मध्ये त्या नोंदींतून कळलं, की मधुमेह असलेल्या पुरुषांमध्ये हृदय दुबळं पडण्याचं प्रमाण दुपटीहून जास्त, आणि स्त्रियांमध्ये सुमारे पाचपट.

का बरं? रँडल यांचं दार आठवा. मधुमेहात रक्तात साखर तुडुंब असते, पण मेदाम्लंही वाढलेली असतात. ती ग्लुकोजचं दार लोटून धरतात. साखरेच्या पुरात उभं असलेलं हृदय साखर नीट वापरू शकत नाही. ते जवळजवळ मेदावरच अडकून पडतं. जास्तीचा मेद पेशीत साठतो, प्राणवायू जास्त खर्च होतो, आणि इंधन बदलायचं कसब हरवतं. मग आधी बिघडतं काय? बऱ्याचदा सैल पडणं! इकोमधली ती दुसरी गोष्ट. हृदय जोरात आवळत असतं, रुग्णाला काही जाणवतही नसतं, पण पडद्यावर डॉक्टरांना दिसतं की ते नीट सैलावत नाहीये.

यात आपल्या पुण्याचाही एक धडा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं. पण तपासणीत याज्ञिकांच्या अंगात मेद निघाला २१ टक्क्यांच्या वर आणि युडकिन यांच्या अंगात ९ टक्के! बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या शरीरातही मेद दडलेला असू शकतो, हे एका फोटोनं जगाला दाखवलं. म्हणून कुणाच्या अंगाकडे बघून त्याच्या तब्येतीबद्दल शेरा मारायचा नसतो. तपासल्याशिवाय आतलं कळत नाही.

अजगर आणि सफरचंद

मेद वाईटच असतो का? मग हे ऐका. बर्मी अजगर कित्येक महिने उपाशी राहू शकतो. मग एकदा भलं मोठं भक्ष्य गिळतो. त्यानंतर दोन-तीन दिवसांत त्याचं हृदय ४० टक्क्यांपर्यंत वाढतं! त्याच्या रक्तात मेद इतका येतो, की रक्त दुधाळ दिसतं. तरी हृदयात मेद साठत नाही, सगळा भराभर जळतो. २०११ मध्ये अमेरिकेत लेस्ली लाइनवंड यांच्या गटाने दाखवलं, की अजगराच्या रक्तातली तीन ठरावीक मेदाम्लंच हृदयाला वाढायचा निरोप देतात. म्हणजे प्रश्न नुसता मेदाचा नाही. आलेलं अन्न हृदयाला पेलतं का, हा आहे.

आणखी एक नवल. १८३५ मध्ये युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ वेगळा काढला. तो दिला की लघवीतून साखर बाहेर जाते, हे पुढे लक्षात आलं. त्यावरून कितीतरी वर्षांनी मधुमेहाची नवी औषधं घडवली गेली. त्यांपैकी एकाची, एम्पाग्लिफ्लोझिनची, चाचणी सात हजारांवर मधुमेही रुग्णांवर झाली आणि २०१५ मध्ये निकाल आला. औषध होतं साखरेसाठी, पण हृदय दुबळं पडल्यामुळे रुग्णालयात जावं लागण्याचं प्रमाण एक तृतीयांशानं घटलं! का? या औषधानं कीटोन थोडे वाढतात आणि दमलेल्या हृदयाला तो घास सोपा जातो, असं काही शास्त्रज्ञांना वाटतं. मूत्रपिंडाच्या कामात बदल होतो म्हणून, असं दुसऱ्यांना वाटतं. वाद अजून रंगलेला आहे.

नळीशिवाय दिसलेलं जेवण

बिंग यांना हृदयात नळी घालावी लागली होती. आता तीही लागत नाही. ग्लुकोज फुटून जो पायरुव्हेट नावाचा तुकडा होतो, त्यातला कार्बन खास तऱ्हेनं तयार केला, की एमआरआय यंत्रात तो थोडा वेळ ठळक चमकतो. तो रुग्णाच्या शिरेतून सोडायचा आणि हृदय त्याचं काय करतंय ते पाहायचं. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी निरोगी आणि मधुमेही माणसांची हृदयं अशी जेवताना पाहिली. उंदराच्या हृदयात रँडल यांनी ओळखलेलं तेच दार, जिवंत माणसाच्या छातीत, पडद्यावर! मधुमेही हृदयात ते कमी उघडं होतं. मग सगळ्यांना ग्लुकोजचं पाणी प्यायला दिलं आणि पुन्हा पाहिलं. दार दोघांचंही आधीपेक्षा जास्त उघडलं.

म्हणजे मधुमेही हृदयाचं दार कायमचं बंद झालेलं नसतं. ते हलतं. औषधांनी, जेवणातल्या शिस्तीनं, चालण्या-खेळण्यानं ते हलतं ठेवता येईल, अशी आशा त्यात आहे. खेळताना तर स्नायू इन्शुलिनची वाट न बघताही ग्लुकोज ओढून घेतात. तेव्हा संध्याकाळी मैदानावर जाताना घरातल्या आजी-आजोबांनाही बरोबर घ्या. तुम्ही खो-खो खेळा, त्यांना मैदानाला चार फेऱ्या मारू द्या.